वर धरायला कोण?

गाडी माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर ही गोष्ट गावात ज्या ज्या तोंडांतून फिरली, त्यात गाडी कधी माझ्या नवऱ्याची झाली, कधी भावाची, आणि एकदा तर मंचरच्या कुठल्याशा कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याची. बाईच्या नावावर एवढी मोठी गाडी असते हे लोकांच्या घशाखाली उतरत नाही. आळेफाट्याहून राजुरीकडं जाताना रस्त्याला लागून माझी रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, कोबी, फ्लॉवर यांची रोपं मी शेतकऱ्यांना करून देते. आयुष्यभर पिकअपमध्ये ट्रे आणि भुश्श्याच्या वासात बसून फिरले, आणि एक दिवस ठरवलं की आता आपल्याला मऊ सीट पाहिजे. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी जपून वापरलेली पांढरी, लांबलचक, सहा सिलिंडरची पेट्रोल गाडी घेतली. परदेशी बनावटीची, आत दुधाळ रंगाचं चामडं. त्या चामड्यावर मी पहिल्याच दिवशी जुनी चादर अंथरली, कारण रोपांचा भुस्सा साडीला चिकटतो तो चिकटतोच.

फाट्यावर उभी केली की कुणी ना कुणी यायचं. "ताई, गाडी लई भारी हाय राव. पण ह्यात क्रेट किती बसत्यात?"

"एकही नाही," मी म्हणायची. "म्हणून तर घेतली."

माझा भाऊ माझ्याहून बराच लहान. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळं त्याचे डबे, त्याची दप्तरं, त्याची गुडघ्याची खरचटणी सगळी माझ्याच हातून गेली. इंजिनिअर झाला, चाकणला एका कारखान्यात लागला, आणि चार लोक त्याचं कौतुक करायला लागले तोवर नोकरी सोडून आला. आळेफाट्याजवळ हमरस्त्यावर पत्र्याची शेड टाकून त्यानं गॅरेज काढलं. कामं यायची ती ट्रॅक्टरची आणि भाजीच्या पिकअपची. ती तो करायचा, मन लावून करायचा, पण त्याचा जीव दुसऱ्या गोष्टीत होता. इंजिनातून आणखी काय निघेल, हे बघण्यात.

आमच्या वडिलांना हे गॅरेज पटलं नाही. आम्ही त्यांना आबा म्हणतो. "शिकून सवरून लोकांच्या गाड्यांखाली झोपतो," एवढं एकच वाक्य त्यांनी म्हटलं, आणि गॅरेज सुरू झाल्यापासून आत पाय ठेवला नाही. उद्घाटनाचा नारळही भावानं स्वतःच फोडला. आबा रागावले की बोलत नाहीत. त्यांच्या न बोलण्यापेक्षा शिव्या परवडल्या.

एका सकाळी भाऊ रोपवाटिकेत आला आणि माझ्या शेजारी उकिडवा बसला. मी मिरचीच्या ट्रेमधली मेलेली रोपं वेचत होते.

"ताई, तुझी गाडी दे."

"कुठं जायचंय?"

"जायचं नाय कुठं. तिला सुपरचार्जर बसवायचाय."

चार्जर म्हटल्यावर मला फोनचाच आठवला. मग त्यानं हातातली काडी मातीत फिरवत समजावून सांगितलं. इंजिन म्हणजे चूल. ती लागेल तेवढी हवा आपली आपण ओढून घेते. सुपरचार्जर म्हणजे तिला लावलेली फुंकणी.

"आणि फुंकायचं कुणी?"

"इंजिननंच. त्याच्या पुलीवर पट्टा चढवायचा. पट्ट्यानं आतलं चक्र फिरणार, ते हवा दाबून आत घालणार. जास्त हवा, मग जास्त पेट्रोल, मग जास्त ताकद."

"आहे त्या ताकदीचं काय कमी पडलंय? मी पुण्याला जाऊन येते, आणि तेही पोलिसांची भेट न घेता."

तो हसला नाही. माझा भाऊ हसला नाही की समजायचं, पोटात काहीतरी आहे. मग ते बाहेर आलं. चेन्नईजवळच्या एका कारखान्यानं त्याला बोलावलं होतं. इंजिनाचंच काम, त्याला हवं तसं. इकडं ट्रॅक्टरखाली किती वर्षं झोपायचं? त्याला एक गाडी पाहिजे होती, लोकांना दाखवायला की हे काम फाट्यावर होतं. "आणि आबांना दाखवायला," तो म्हणाला. काडी मोडून टाकली. "ही गाडी झाली, चालली, आणि आबांनी एकदा तिला हात लावून बघितला, तर मी राहतो. नाय तर दिवाळीनंतर जातो, ताई."

मला तो जायला नको होता. यात काही मोठा विचार नव्हता. माझी मुलं शिकायला बाहेर गेली, नवरा दिवसभर बँकेत, आबा तिकडं मळ्यात एकटे. रोज येता-जाता त्याच्या शेडपुढं हॉर्न वाजवायचा आणि आतून त्याचा काळा हात वर आलेला बघायचा, एवढंच मला पाहिजे होतं. मी चावी काढून दिली. नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला, "मी गाडी मागितली की तेल-पाण्यापासून विचारतेस. त्यानं इंजिन मागितलं आणि तू देऊन मोकळी झालीस?" मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. बोलणं थांबवायचा तो आमच्या घरातला जुना उपाय आहे.

आबांना सांगायला आम्ही दोघं मिळून गेलो. ते गोठ्यापुढं बाजेवर बसले होते.

इथं आबांबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या जुन्नर-आंबेगावात गाडा म्हटलं की बैलगाडा, आणि घाट म्हटलं की शर्यतीचा चढ. खालून बैल सोडतात, ते चढाला छाती लावून वर येतात, आणि बघणाऱ्यांचा श्वास तेवढा वेळ अडकलेला असतो. लोकांना बैल सुटताना बघायला आवडतं. पण वर पोचल्यावर बैल आपणहून थांबत नाहीत. त्यांना धरावं लागतं. पळत्या बैलांच्या अंगावर जाऊन, कासरा पकडून, त्यांच्याबरोबर फरफटत त्यांना शांत करावं लागतं. आबा उमेदीत वर धरायला असायचे. आमच्या बैलांनाच नाही, दुसऱ्यांच्याही. लांबलांबच्या यात्रांतून त्यांना बोलावणं यायचं. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, तो एका बैलानं दिलेला आहे. ते त्या बैलाचं नाव अजून प्रेमानं घेतात. गोठ्यात आता त्यांचा एकच म्हातारा बैल उरलाय. त्याच्याकडून कुठलंही काम करून घेत नाहीत. फक्त त्याच्याशी बोलतात.

"गाडी आजारी हाय का?" आबांनी सगळं ऐकून विचारलं.

"नाय, आबा."

"मग कशापाय उघडतोय?"

"ताकद वाढवायची हाय."

आबा म्हणाले, "पराणी टोचून बैल पळवणारी मानसं मी घाटातनं हाकलून दिल्यात. जनावरात हाय तेवढंच मागावं."

"ही पराणी नाय, आबा. खुराक हाय," भाऊ म्हणाला. पराणी म्हणजे बैलाला टोचायची काठी, आणि खुराक म्हणजे शर्यतीच्या बैलाला चारायचं दूध, अंडी, उडीद. त्याचं हे उत्तर मला आवडलं. आबांना ते आवडलं असावं, कारण ते जास्तच चिडले.

"खुराक पचावा लागतो. मी त्या गाडीत बसणार नाय. हातबी लावणार नाय."

झालं. ज्या एका गोष्टीवर भावाचं राहणं अडलं होतं, तीच त्यांनी नेमकी नाकारली. त्यांना आमचा करार माहीत नव्हता, आणि भावानं मला शपथ घातली होती की सांगायचं नाही. सांगून हात लावून घेतला तर त्याला काय अर्थ, असं त्याचं म्हणणं. बापाचा हेकटपणा लेकात जसाच्या तसा उतरलाय.

सामान लाकडी खोक्यातून आलं. भुश्श्यातून त्यानं तो सुपरचार्जर काढला तेव्हा मी तिथं होते. गोगलगाईच्या शंखासारखा, चकचकीत, मधे एक तोंड. एवढ्याशा वस्तूवर माझ्या भावाचं गाव सोडणं-न सोडणं टांगलंय हे मला बघवेना. मी त्याला म्हटलं, "लवकर बसव आणि माझी गाडी दे."

पुढच्या आठवड्यात गेले तर गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चारही चाकं काढलेली, आणि इंजिनाला हात सुद्धा लावलेला नाही. तो चाकांच्या आतल्या तबकड्या बदलत बसला होता. मोठ्या तबकड्या, नवे ब्रेक.

"हे काय? फुंकणी कुठंय?"

"खोक्यात हाय."

"अरे मग ती बसव की. दिवाळी येईल तोंडावर."

"आधी धरायचं, मग सोडायचं," तो खालून म्हणाला. "तू काय डोळे मिटून मोठी झालीस का, ताई?"

मला वाटलं तोंड चालवतोय. मी पिकअप काढून निघून आले.

तोवर मी परत पिकअपवर आले होते. फाट्यावरचे लोक आता दुसरा प्रश्न विचारायचे. "ताई, गाडी इकली का?" मी सांगायची, व्यायामशाळेत घातलीय. गॅरेजच्या अगदी समोर, हमरस्त्याच्या पलीकडं एक चहाचं दुकान आहे. एकदा तिथून जाताना मला बाकड्यावर आबा दिसले. गॅरेजकडं पाठ करून बसलेले. दुसऱ्या दिवशीही तिथंच. नंतर मी मुद्दाम बघायला लागले. मळ्यातून स्कूटरवर एवढ्या लांब यायचं, चहा घ्यायचा, पाठ करून बसायचं आणि जायचं. ज्याला गॅरेज बघायचं नाही त्यानं चहा गावात प्यावा, गावात काय हॉटेलं नाहीत? पण दुकानात समोरच्या भिंतीला मोठा आरसा आहे हे मला फार उशिरा लक्षात आलं. मी भावाला सांगितलं नाही. तो लगेच काम सोडून बाहेर येऊन उभा राहिला असता.

बाकीचं काम मला जेवढं कळलं तेवढं असं. शंख बसवायला पोलादी आधार, मग लांब पट्टा, दाबलेली हवा तापते म्हणून ती गार करायला पुढच्या जाळीमागं दुसरा रेडिएटर, पेट्रोल जास्त सोडायला नवे इंजेक्टर. आणि गाडीच्या मेंदूला हे सगळं समजावून सांगायचं, ते लॅपटॉपवर. शेवटचं काम सगळ्यात अवघड, कारण हवा वाढली आणि पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आतून ठोके खाऊन फुटतं. भाऊ वाळला. मी डबा पाठवायची तो संध्याकाळी तसाच परत यायचा.

पहिल्यांदा गाडी सुरू करायची ती रविवारी सकाळी. खंडोबाचा वार, असं त्यानं ठरवून केलं नव्हतं, बाकीची गिऱ्हाइकं त्या दिवशी कमी असतात म्हणून. तरी माणसं जमलीच. ट्रॅक्टरवाले दोघं-तिघं, माझा नवरा, मी. बोनेट उघडं होतं. हवेचा फिल्टर अजून बसला नव्हता, कारण काच धुवायच्या पाण्याची टाकी मधे येत होती. ती सरकवायचं काम राहिलं होतं. "दोन मिनटं तर चालू करायची हाय, नुसता आवाज ऐकायचाय," भाऊ म्हणाला. तेवढ्यापुरतं पाइपाचं तोंड उघडंच ठेवलं.

चावी फिरवली. इंजिन लागलं, आणि त्याच्या घरघरीवर दुसरा एक बारीक, सलग सूर चढला. भाऊ वाकून ऐकत होता, लॅपटॉप बघत होता, परत ऐकत होता.

तेवढ्यात ट्रॅक्टरवाले बाजूला सरले. मी वळून बघितलं तर आबा रस्ता ओलांडून येत होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर कडक टोपी. कुणाकडं न बघता ते शेडमध्ये शिरले. पहिल्यांदा. भावानं मान वर केली. त्याचं तोंड बघून मला त्याचा शाळेतला निकालाचा दिवस आठवला.

आबांनी खिशातून कागदाची पुडी काढली. घाटात बैल जुंपण्याआधी ते जे करायचे तेच त्यांनी केलं. मूठभर भंडारा घेतला, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणाले, आणि उघड्या इंजिनावर उधळला.

हळदीचा तो ढग बोनेटवर बसलाच नाही. हवेतल्या हवेत वळला, त्याची एक पिवळी दोरी झाली, आणि ती सरळ पाइपाच्या उघड्या तोंडात शिरली. तो सूर क्षणभर घोगरा झाला, इंजिन अडखळलं, पुढच्या पडद्यावर दिवे लागले. भावानं झेप घेऊन चावी बंद केली.

"आबा! काय केलंत हे? कुणी बोलावलं व्हतं तुमाला?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. आबांनी आपल्या पिवळ्या तळहाताकडं बघितलं, तो धोतराला पुसला, आणि आले तसे निघून गेले. गाडीला त्यांनी हात लावला नव्हता.

मी भावाला चार लोकांत झापलं. मला माझा राग आवरता येत नाही, आणि त्या दिवशी आवरायचाही नव्हता. "तुला आबा इथं यायला हवे होते ना? आले होते! रोज येत होते! समोर बसून आरशात तुझं काम बघत होते!" ट्रॅक्टरवाले हळूच पांगले. भाऊ टायरवर बसला. त्याला ते आरशाचं ऐकून जास्तच लागलं.

"फिल्टर नसताना मीच चालू करायला नको व्हती," तो म्हणाला. "चूक माझी हाय. गाडी व्हईल साफ, पण आता कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्यापुढं? चेन्नईला कळवून टाकतो."

मी पिकअप काढली आणि मळ्यात गेले. वाटेत मला रडू येत होतं आणि मी ते हॉर्नवर काढत होते.

आबा गोठ्यात म्हाताऱ्या बैलाच्या मानेखाली खाजवत उभे होते. मला वाटलं बोलणार नाहीत. पण तेच बोलले.

"नाकात गेलं काय गं त्याच्या?"

"हो, आबा."

"मला कसं कळणार? ह्यो बघ." त्यांनी रिकामी मूठ बैलाच्या तोंडापुढं उघडली. बैलानं सवयीनं मान फिरवली. "भंडारा टाकताना बैल तोंड फिरवतो. त्यो कसा फिरवल बिचारा." मग विचारलं, "मेलं का?"

"नाही मेलं. बंद केलं त्यानं लगेच."

"मी काय वाईट करायला गेलतो का?"

मी म्हटलं, नाही आबा, त्यालाही माहीत आहे, त्याची जीभ सुटली, रात्रंदिवस तेच काम चाललंय. ते बैलाच्या मानेखाली खाजवत राहिले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"सोडायचं सगळं बघितलं त्यानं. आरशात दिसत व्हतं मला. पर वर धरायला कोण हाय?"

"म्हणजे?"

"एवढी ताकद सोडली म्हंजी ती धरायची कुणी? का नुसतंच पळवायचं? माझा खांदा बघ. सोडणारा कुणीबी असतो."

आणि तेव्हा मला चारही चाकं काढलेली ती गाडी आठवली.

"ब्रेक त्यानं नवे बसवलेत, आबा. मोठे. इंजिनाला हात लावायच्या आधी बसवलेत. मी त्याच्यावर ओरडले होते की वेळ कशाला घालवतोस."

"आधी?"

"सगळ्यात आधी. म्हणाला, आधी धरायचं, मग सोडायचं. मला विचारलं, डोळे मिटून मोठी झालीस का."

आबांचा हात बैलाच्या मानेवर थांबला. त्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि गव्हाणीतल्या चाऱ्यात काहीतरी शोधल्यासारखं करत राहिले. चाऱ्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. मी तशीच उभी राहिले.

"साफ व्हईल का ते?" त्यांनी पाठीमागं न बघता विचारलं.

"होईल म्हणाला."

"मग झाल्यावर आपल्या पठाराच्या देवळाकडं घेऊन यायला सांग. मी वर हाय."

मी परत गॅरेजला येऊन भावाला हे शब्दाला शब्द सांगितलं. त्यानं फोन खिशात ठेवला.

सगळं खोलून धुवायला त्याला बरेच दिवस लागले. हळद बारीक आणि मऊ, त्यामुळं मोठं नुकसान काही झालं नव्हतं. पण ती पाइपांत, हवा गार करायच्या त्या रेडिएटरच्या पापुद्र्यांत, हवा मोजणाऱ्या बारीकशा तारेवर, सगळीकडं जाऊन बसली होती, आणि तेलाच्या ओलीला जी चिकटली ती निघता निघेना. भावाचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले. फाट्यावर ज्यानं त्यानं विचारून घेतलं, "काय राव, हळद लागली म्हणं, पण नवरी कुठली?" तो कुणाला उलट बोलला नाही. फिल्टर या वेळी आधी बसवला. पाण्याची टाकी सरकवून, फिल्टरला वेगळी पेटी करून.

आमच्या गावामागच्या पठारावर खंडोबाचं देऊळ आहे. तिथं जाणारा रस्ता आता डांबरी झालाय. चढ सरळ आहे, बाजूला वस्ती नाही, आणि यात्रेचे दिवस सोडले तर तिकडं माणूस फिरकत नाही. ठरल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गाडीत बसलो. मी शेजारी. जुनी चादर त्यानं काढून टाकली होती. चामडं एवढं दुधाळ आहे हे मी विसरलेच होते.

"भीती वाटते का?" मी विचारलं.

"गाडीची नाय."

खालच्या वळणावरून वर नजर टाकली तर चढाच्या शेवटी, देवळाच्या पायऱ्यांच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला एक पांढरा ठिपका उभा होता. डावा खांदा जरा खाली. त्यांनी गाडीत बसायला नकार दिला होता, त्या शब्दावर ते ठाम होते. पण जिथं ते आयुष्यभर उभे राहिले, तिथंच ते आज येऊन उभे होते.

भावानं पाय दाबला. तो बारीक सूर पुन्हा आला, स्वच्छ, वर वर चढत गेला, आणि कुणीतरी पाठीला हात लावून पुढं ढकलावं तशी मी सीटमध्ये मागं दाबली गेले. चढ चढासारखा वाटलाच नाही. बाभळी मागं गेल्या. मला ओरडावंसं वाटत होतं आणि मी ओरडलेही. भाऊ शांत होता. त्याची नजर फक्त वर होती, त्या एका माणसावर. ठिपक्याची टोपी दिसायला लागली, मग धोतर, मग चेहरा. भावानं बऱ्याच आधी ब्रेक धरला. गाडी नाक खाली घालून, न डगमगता, सरळ रेषेत मंदावत गेली आणि आबांपासून चांगली लांब थांबली. मग तो तिला अगदी हळू, बैल चालवत नेतात तशी, त्यांच्यापर्यंत घेऊन गेला.

आबा जागचे हलले नव्हते.

आम्ही उतरलो. आबा गाडीपुढं आले, वाकून चाकांच्या आत बघितलं, आणि म्हणाले, "थांबती बरोबर."

एवढंच. ती किती जोरात आली याबद्दल ते तेव्हा काही बोलले नाहीत, आणि नंतरही कधी बोलले नाहीत.

मग त्यांनी खिशातून पुडी काढली. मी बघितलं की भाऊ पुढं झाला आणि थांबला. त्यानं स्वतःला थांबवलं.

"आदी बंद कर," आबा म्हणाले.

"बंदच हाय, आबा."

"नाक कुठं हाय ह्याचं?"

भावानं डाव्या दिव्याखालची जाळी दाखवली. आबांना गुडघ्यावर बसायला त्रास होतो. तरी ते बोनेटला धरून त्या गरम डांबरावर बसले. डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि जाळीवर उपडी धरली. एका हातानं टोपी नीट दाबून धरून त्यांनी दुसऱ्या हातानं भंडारा उधळला. या वेळी तो बोनेटवर बसला, काचेवर बसला, आणि थोडा त्यांच्या उघड्या पांढऱ्या केसांत बसला.

उठताना त्यांनी बोनेटवर हात टेकला. उठल्यावर तो काढायला हवा होता, पण काढला नाही. चांगला सपाट, पाचही बोटं पसरून, बैलाच्या कपाळावर ठेवतात तसा तिथंच ठेवला.

"लई तापलंय रं," ते भावाला म्हणाले. "पाणी दाव त्याला."

"हो, आबा," असं म्हणून माझा इंजिनिअर भाऊ देवळाच्या हौदाकडं बादली आणायला पळत सुटला. गाडीला पाणी लागत नव्हतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.